कंसातला बर्फ

मु. कापडे, पोलादपूर
१९ जानेवारी १९६३

तीर्थरूप सयाजीमामांस हैबतीचा साष्टांग नमस्कार. आपला दमा आणि मामींचा गुडघा या थंडीत समजुतीने वागत असतील, आणि पुण्याच्या लष्करी कचेरीतला आपला साहेबही, अशी आशा आहे.

आमचे युद्धनाटक झाले. आमच्या मंडळाचे अध्यक्ष रावजी पाटील यांनी त्याची बातमी पोचवली असेल, तर निम्मी खोटी समजा. महाडहून भाड्याने आलेल्या पडद्यांत हिमालय नव्हता. बाग होती, आणि बागेत मोर. मी डगमगलो नाही, कारण कंसांतल्या सूचनांत मी भरपूर बर्फ लिहून ठेवला होता. शिपायाचे काम सोनबाकडे. तो मुंबईला गिरणीत, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे नाटकाची वही टपालाने गेली आणि तो तालमीवाचून थेट प्रयोगाच्या दुपारी एस.टी.तून उतरला. त्याला वाचता येत नाही. खोलीतल्या सहदेवने वही वाचून दाखवली, ती कंसांसकट, आणि या पठ्ठ्याने तेवढी सगळी पाठ केली!

पडदा उघडला. सोनबा मोरापुढे ताठ उभा राहून खणखणीत म्हणाला, "बर्फ. वारा. दूर तोफ. शिपाई हात बगलेत धरून बसतो. बराच वेळ कोणी बोलत नाही." आणि बसला. मी विंगेत कपाळ बडवून घेतले. पण मामा, खरोखरच कोणी बोलले नाही. हजार माणसे (बरे, चारशे) गारठून बसली. मग पुढून तुळजाबाई उठल्या. त्यांच्या लेकाचे, रामाचे, सरहद्दीवरून कार्तिकापासून पत्र नाही. अंगावरची घोंगडी त्यांनी सोनबावर टाकली, "घे रे बाबा, लई थंडी हाय," म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

आता पाटील म्हणतात, नाते गावच्या प्रयोगात कंस गाळा, शेवटी विजयाचा नाच घाला. मी तोंडावर सांगितले, नाचवायचा तर तुमचा मोर नाचवा. माझा एक शब्द हलणार नाही आणि सोनबा तो मोठ्यानेच म्हणेल. मंडळातून काढलेत तर शाळेच्या ओट्यावर प्रयोग करीन.

आपला भाचा,
हैबती

ता. क. पाटलांना मी भीत नाही. तुळजाबाईंना भितो. रोज शाळेच्या दारात येऊन विचारतात, "गुरुजी, लढाई तुमी लिवली, मंग माझा रामा कुठं हाय त्ये तुमालाच ठावं असंल."

पुन्हा ता. क. रामाचा पलटणीतला नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. कचेरीत विचारा. आज सकाळी मी तुळजाबाईंना सांगून बसलो, चौकशी चालू आहे. ती चौकशी म्हणजे हे पत्र.