चौदा नंबरची गल्ली

९ फेब्रुवारी, सोमवार
चूक केलीय मी!

दिवा गावातल्या गल्ल्यांचा नकाशा करतोय आम्ही. प्रत्येक गल्लीपुढे एक शब्द लिहायचा — आरपार किंवा बंद. सर्व्हेचे प्रमुख रत्नदीप सर, त्यांचं पालुपद — "गल्ल्या जोडलेल्या असल्या की माणसं चालतात, गाड्या कमी लागतात. शहर नीट वाढतं." पटतं मला. म्हणून तर सर्व्हेचं काम धरलं.

पण चौदा नंबर मी टोकापर्यंत चाललेच नाही. ऊन होतं, कंटाळा आलेला. गल्लीच्या तोंडाशी सखुबाई भाजी विकत बसलेल्या, त्यांनाच विचारलं, ही आरपार आहे का? "हाय ना बाय! सगली जातान इकरशी." लिहिलं आरपार.

आज सर म्हणाले, चौदा नंबर रुंद करून पलीकडच्या रस्त्याला जोडायचं ठरतंय. "मस्त काम, रचना!"

संध्याकाळी टोकापर्यंत गेले. तिथे सखुबाईंचं घर! पुढच्या दारातून शिरायचं, गॅसच्या ओट्याजवळून मागच्या दाराने रस्त्यावर. अख्खी गल्ली तशीच जाते. माझी रेघ त्यांच्या स्वयंपाकघरातून गेलीय.

१० फेब्रुवारी
सरांना सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी
सखुबाईंना सांगून टाकलं. आधी हसल्या, मग विचारलं, "मंग माझा घर?" मीच सुचवलं — मागच्या दाराला कपाट लावा, वाट बंद करा, म्हणजे गल्लीही बंद ठरेल.

मग सरांना सांगितलं, चुकले, चौदा नंबर बंद आहे. केवढे भडकले! "एका शब्दावर गल्लीभर माणसांचं ठरतं, कळतंय का?" शनिवारी स्वतः बघणार म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सरांनी कपाट बघितलं. 'बंद' लिहिलं. घर वाचलं!

पण परत येताना लक्षात आलं — गल्लीला आता एकच तोंड, आणि तिथे भंगाराचं गोदाम. हे आधी का दिसलं नाही मला?

१७ फेब्रुवारी
दुपारी गोदाम पेटलं. फोन आला तशी धावले. गल्लीच्या तोंडातून नुसता काळा धूर, बंब मेन रोडलाच अडकलेला. मी वळसा घालून सखुबाईंच्या मागच्या दाराशी गेले. आत किंकाळ्या, पोरांची रडारड. मी दारावर धडका मारत होते. ते कपाट मी लावायला सांगितलेलं — मी!

मग आत काहीतरी धाडकन कोसळलं. सखुबाईंनी आणि पोपट रिक्षावाल्याने कपाट आडवं पाडलं होतं. दार उघडलं. माणसं येत राहिली, खोकत, एकमेकांना ओढत. सगळी आली. सगळ्यांत शेवटी सखुबाई.

सरांच्या नकाशात गल्ली बंद आहे.

१८ फेब्रुवारी
सखुबाई ऑफिसात आल्या. अंगाला अजून धुराचा वास. सरांच्या टेबलावरचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. "लिव बाय. आरपार लिव."

अहो, घर जाईल तुमचं!

"म्हायती हाय मना. लिव."