वि.ची पुस्तकं

९ जून
दुकान उघडलं. होळीपासून बंद होतं. शटर वर केल्याबरोबर फवारणीच्या औषधांचा वास असा अंगावर आला की दोन पावलं मागं सरले. मामंजी बाहेर खुर्ची टाकून बसले होते.
"तू बसशीन गल्ल्यावर?"
"बसते."
"लोकं येतीन?"
"पेरणी तोंडावर आहे. येतीन."
काउंटरखालच्या खणात नवऱ्याची पुस्तकं सापडली. एक हिरव्या कव्हरचं, एक जाड निळं, एक पातळ, फाटकं. ध्यान, मनाचा शोध, असलं. उचलून बाहेर फेकावी असं मनात आलं. फेकली नाहीत. धूळ पुसून परत ठेवली. ह्याच पुस्तकांनी नेलं त्यांना.
तोंडानं नाव घेत नाही मी त्यांचं. इथं वि. लिहीन. विलास. हे बघ, लिहिलं सुद्धा.

१२ जून
रविवारी वि.चा फोन आला होता आश्रमातून. तेच. "तब्येत बरी आहे. अजून थोडे दिवस." किती, ते मी विचारलं नाही. पल्लवी जालन्याहून रोज विचारते, पप्पा काय म्हणाले. तिला नर्सिंगची परीक्षा आहे. सांगितलं, येतात म्हणाले.
गिऱ्हाईक विचारतात, शेठ कुठं गेले? म्हणते, शिबिराला. ते मान हलवतात. दवाखान्यात नेलंय म्हटल्यावर हलवतात तशी.

१५ जून
बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांना गर्दी. एक म्हातारबाबा दोन कंपन्यांची पाकिटं हातात घेऊन उभे राहिले.
"वैनी, कोन्तं लावू?"
"तुम्हीच ठरवा, बाबा."
"विलास शेठ सांगे."
मी दोन्ही पाकिटं उलटसुलट करून बघितली. एकाकडं बोट दाखवलं. ते गेले आणि मी दिवसभर त्याच बोटाकडं बघत होते. वि.नी हे वीस पावसाळे केलं.

१८ जून
लिहून टाकते एकदाचं, म्हणजे डोक्यातून जाईल.
गेल्या दिवाळीनंतर बोंडअळी. लोक शेतातून बोंडं आणून काउंटरवर ठेवायचे. शिवी कोणी दिली नाही. "पहा शेठ," एवढंच. वि. बोंड उकलून बघायचे. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली. शेजारी शिवणकाम करते ती शमीमआपा, तिच्या घरच्यांनी बटाईच्या शेतात आमचंच बियाणं लावलं होतं. तिनं तर बोंडही आणलं नाही. चहा पाठवला वि.ना. त्या दिवशी ते जेवले नाहीत.
मग बोलणं कमी झालं. खामगावला माल आणायला जायचे तर मालाबरोबर एखादं पुस्तक यायचं.
"काय वाचून राह्यले?"
"काही नाई."
वाचताना चेहरा इतका शांत व्हायचा की मला पुस्तकाचा राग यायचा. माझ्याकडं बघून तो चेहरा कधी तसा झाला नव्हता.
होळीनंतर आठवड्याचं शिबिर म्हणून गेले. तिथंच राहिले.

२५ जून
दुपारी दुकानात कोणी नाही. हिरवं उघडलं. भांडायचं म्हणूनच.
श्वास येतो, जातो, तो बघा म्हणे. बघितला. श्वासच तो. त्यात काय बघायचं?
"वैनी, डोकं दुखते का?" डोळे उघडले तर समोर गिऱ्हाईक, युरिया पाहिजे होता.

२ जुलै
शमीमआपाला कळलं मी वाचते ते. तिला मराठी वाचता येत नाही. मशीन सरकवून दाराशी आणली.
"भाभी, जरा जोरसे पढो नं. मी पन ऐकतो."
हिरव्यात एक धडा आहे, मनाच्या आतल्या आवाजाचा. प्रश्न पोटात ठेवायचा, डोकं बोलायच्या आधी जे उठतं ते आपलं खरं. आपानं मशीन थांबवली, डोळे मिटले. तिच्या घरी वाद चालू आहे, यंदा कपाशीच लावावी की सोयाबीन.
"काय म्हणते पोट?"
"म्हणते भूक लागली."
दोघी इतक्या हसलो की मामंजी उठून बघायला आले. मार्चपासून या घरात हसण्याचा आवाज नव्हता. नंतर वाईट वाटलं. का वाटलं, तेही कळलं नाही.

११ जुलै
एकटीनं करून बघितलं. विचारलं, ते येतील का? काहीच उठलं नाही. 
मग, कुठून सुचलं देव जाणे, विचारलं, ते यायला हवेत का तुला?
पोटात गोळा आला. पुस्तक मिटून युरियाच्या थप्पीवर ठेवलं. चार दिवस हात लावायचा नाही.

१३ जुलै
लावला.

२० जुलै
मामंजी जेवता जेवता म्हणाले, "जा, घेऊन ये त्याले. पुस्तकं वाचून घर सोडते का कोणी? मी तं पेपर बी वाचला नाई कधी."
"मी पण वाचून राह्यली ना मामंजी."
घास हातातच राहिला त्यांचा. "मंग? तू बी जाशीन?"
"मी कुठं जातो."
असं म्हणाले खरी. भांडी घासताना तेच वाक्य किती वेळा मनात आलं. मी कुठं जाते.

४ ऑगस्ट
निळं जड आहे. एका पानावर दिवस जातो. त्यात विचारलंय, तू कोण? नाव सांगायचं नाही, नातं सांगायचं नाही, काम सांगायचं नाही.
रेखा नाही. बायको नाही, सून नाही, पल्लवीची आई नाही. दुकानवाली वैनी नाही. मग काय उरलं? काही नाही, असं वाटून घाबरले.
मग सुलतानपूर दिसलं, माहेर. आमच्या शेतात तुरीच्या दोन ओळींच्या मधे मी बसायची दुपारची. नऊ-दहा वर्षांची असेन. काही करत नसायची. खेळत नसायची, रडत नसायची. तुरीची फुलं अंगावर पडायची. आई हाक मारायची तोवर तशीच. ती हाक आली की वाटायचं, अजून थोडं.
ती मुलगी कुठं गेली? तिला मी शेवटचं कधी बघितलं?
आपानं विचारलं, भाभी, काऊन रडता? म्हटलं, औषधाचा वास.

१९ ऑगस्ट
वि.चा फोन.
"काय करता तिथं दिवसभर?"
"सकाळी ध्यान. मग भाजी चिरतो. भांडे घासतो."
"घरी तं कधी चिरली नाई."
हसले. खूप दिवसांनी ऐकलं. म्हटलं, "निळं वाचून राह्यली मी."
"कोन्तं निळं?"
"तुमचंच. खणातलं."
 मग हळूच म्हणाले, "कुठलोक आली?"
लग्नाला बावीस वर्षं. जेवली का, औषध घेतलं का, दूध आलं का, हे सगळं विचारलंय. कुठलोक, म्हणजे कुठपर्यंत आली, हे कोणी विचारलं नव्हतं. पान सांगितलं. ते म्हणाले, "मी तिथंच अडकलो होतो." फोन ठेवल्यावर गल्ल्यावर बसवेना.

६ सप्टेंबर
वि.ना आणायला निघाले. बुलढाणा, खामगाव, जळगाव जामोद. तिथून जीपनं सातपुड्याच्या पायथ्याशी. रस्ताभर दोन्हीकडं कपाशी, मन लावून बघितली. पाती लागली आहेत, म्हणजे आता फुलं येणार.
वि. बारीक झालेत. केस कापलेले. मला बघून हातातला झाडू खाली ठेवला आणि परत उचलला. स्वयंपाकघराच्या मागं पत्र्याखाली बसलो. पहिला प्रश्न माझ्याबद्दल नाही, मामंजींबद्दल नाही.
"डोमकळ्या दिसून राह्यल्या का?"
अळी लागली की कपाशीचं फूल उमलत नाही, कळीसारखं मिटून राहतं, ती डोमकळी. म्हटलं, कुठं कुठं दिसतात. सापळे लावलेत लोकांनी.
"मले शिव्या देत असतीन."
"नाई. विचारतात, शेठ कधी येते."
बराच वेळ बोटांनी माती उकरत बसले. मग म्हणाले, "रेखा, मी तिथं राह्यलो असतो तं मेलो असतो. दुकानातच. औषध बी खणातच होतं. रोज शटर लावताना मनात ये. म्हणून इकडं आलो."
मला ठाऊक नव्हतं. एका घरात, एका ताटाशेजारी, आणि मला ठाऊक नव्हतं. मी पुस्तकांवर रुसले होते. पुस्तकांनी नेलं नव्हतं, धरून ठेवलं होतं. त्यांचा हात धरला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. धरूनच बसले.
संध्याकाळी मला ध्यानाच्या खोलीत बसू दिलं. मोठी खोली, चटया, खिडकीतून डोंगर. गुडघा दुखला, घरचं आठवलं, मग हळूहळू काहीच नाही. घंटा झाली. सगळे उठले. मी उठले नाही. अजून थोडं, असं वाटत होतं.
बाहेर वि. पिशवी भरून उभे. "चाल. येतो घरी."
ज्यासाठी आले होते तेच. आणि माझ्या तोंडून निघालं, "आताच?"

८ सप्टेंबर
वि. घरी. मामंजींनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत जाऊन नाक शिंकरलं. आपानं शीरखुर्मा केला, ईद नसताना. पल्लवी फोनवर नुसती हुंदके देत होती.
घर भरलंय. आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ती खिडकी आठवते. कोणाला सांगू हे?

२६ सप्टेंबर
वि. शेतात जातात, मामंजींबरोबर बसतात, सकाळी ध्यान करतात. दुकानाची पायरी चढत नाहीत. रस्त्याच्या पलीकडूनच जातात. 
पातळ फाटकं पुस्तक आता वाचते. कोण्या बाईनं लिहिलंय, नावाचं पान गेलंय. ती म्हणते, ओढ लागली म्हणजे काही चुकलं असं नाही, ओढ हीच वाट. दोनदा वाचलं ते. आपाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाभी, तुमाले जायाचं आहे." विचारलं नाही तिनं. सांगितलं.

९ ऑक्टोबर
बोलले शेवटी.
"मले जायचं आहे. शिबिराले."
वि. चहा पीत होते. "आता? वेचणीच्या टायमाले?"
"सीतादहीची पूजा करून जातो. वेचणी सुरू करून देतो."
"आन् दुकान?"
"तुम्ही."
त्यांनी कप खाली ठेवला. "नको जाऊ. मी एकटा नाई बसू शकत तिथं."
"तुम्ही गेले तं मले विचारलं होतं?"
बोलून गेले. ते उठून बाहेर गेले. ध्यान करणाऱ्या बाईनं असं बोलावं? पण खोटं नव्हतं ते. वाईटही वाटतंय आणि परत घ्यावंसंही वाटत नाही. दोन्ही.

१० ऑक्टोबर
मामंजी: "आता तू बी?"  ते पुढं म्हणाले, "विलासची आई म्हने, एकदा गंगेले जायाचं. मी म्हनो, जाऊ. गेलोच नाई." आणि तंबाखू मळत बसले.

१७ ऑक्टोबर
बाजाराचा दिवस. मी गिऱ्हाईकात होते, वर बघते तर वि. दारात. आत आले. पाणी प्यायले. माझ्या मागं पोत्यावर बसले, नुसतेच.
तेवढ्यात तेच म्हातारबाबा. खिशातून बोंड काढून काउंटरवर ठेवलं.  वि.कडं बघायची हिंमत होईना. ते उठले, बोंड घेतलं, नखानं उकललं. अळी होती.
"किती झाडाईले आहे, बाबा?"
"बांधाकडच्या. आतून चांगलं दिसते."
"चाला. पाहून येऊ."
आणि बाबांच्या मागं गाडीवर बसून गेले. संध्याकाळी आले तेव्हा पायाला चिखल, शर्टाला कापूस. जेवले. दोन भाकरी.
झोपायच्या आधी म्हणाले, "जा तू. पाहतो मी."  मला माहीत आहे त्यांना भीती वाटते. मलाही वाटते. तिकडं जाण्याची नाही, तिकडून परत यावंसं वाटलं नाही तर, त्याची.

३ नोव्हेंबर
सीतादही झालं. शेतात पाच दगड मांडले, हळद-कुंकू लावलं, दहीभात ठेवला. पहिला कापूस मी वेचला. बरा आहे यंदा, पांढरा. खालच्या फांद्यांना थोडा किडका, पिवळट. बायांनी गाणं म्हटलं. वि. माझ्याकडं बघत होते, मीही बघितलं. किती वर्षांनी असं बघितलं असेल. आता जायची वेळ आली तर हा माणूस सोडवत नाही. काय म्हणावं याला.

६ नोव्हेंबर
पोचले. चटई खिडकीजवळची मिळाली. संध्याकाळी एकदा घरी बोलायची परवानगी.
"दुकान उघडलं?"
"उघडलं. आपा मशीन घेऊन दाराशी बसली हाय, म्हणते शेठजी, तुम्ही पढो आता."
"मग?"
"वाचून दाखवलं थोडं. जमते मले." जरा थांबून, "रेखा, भाजीत मीठ किती टाकते तू?"
सांगितलं.  फोनमधून आमच्या रस्त्यावरचा आवाज येत होता, एसटीचा हॉर्न, कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. ठेवावासा वाटेना. तिथं असताना इथली ओढ, इथं आले तर तिथली. कुठं बसू मी?
आता इथल्या दीदी वह्या जमा करायला फिरतात. उद्या पहाटेपासून लिहायचं नाही, बोलायचं नाही, फोन नाही. माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही दहा दिवस राहणार की महिनाभर? काही जणी महिना राहतात."
घरी दहा सांगून आले आहे. दहा म्हणायला तोंड उघडलं आणि निघेचना. खिडकीबाहेर डोंगर काळा होत चालला होता.
"उद्या सांगू का?" म्हटलं.
दीदी हसल्या. "उद्या तर तुमचं मौन."