मेणाची भिंत

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! बाहेर रस्त्यावर पर्यटकांची ही गर्दी, मुंगीला शिरायला जागा नाही. आणि आधुनिक कलेच्या या दालनात टाचणी पडली तरी ऐकू येईल. खुर्चीवर बसायचं आणि कुणी कलाकृतीला हात लावत नाही ना, ते बघायचं. ताई म्हणाली, बसून खायचा पगार आहे की गं. सध्या मुक्काम तिच्याकडेच. तिची तान्ही छकुली माझ्या कडेवरून उतरायला तयार नाही.

५ मार्च
दालनातल्या माझ्या खोलीत एकच कलाकृती. भिंतभर थापलेलं गुलाबीसर मेण. दुपारी त्याला चक्क घाम फुटतो. पिवळट, चिकट ओघळ येतात, ते मी कापडानं टिपायचे. वास खवट तुपाचा. शेजारच्या खोलीतल्या रखवालदार काकांनी बजावलंय, बोट लागू द्यायचं नाही. का, ते सांगितलं नाही.

८ मार्च
टिपताना कापड विरलं आणि अंगठा आत रुतला. मेण कोमट होतं. आत काहीतरी गिळगिळीत वळवळलं, तोंडात जीभ वळवळावी तसं. अंगठा हिसडून बाहेर काढला. साबणानं घासघासून हात सोलवटला, ओशटपणा जाईना. जेवताना घासालाही तोच वास. ताट सरकवून उठले.

१० मार्च
मेणातून केस आलेत. बारीक, मनगटावर असतात तसे. एक तीळही आहे. लोक नाक दाबून फोटो काढतात, वा वा म्हणतात. शी.
माझा अंगठा गुलाबीसर झालाय. दाबला की खळगा तसाच राहतो. काकांना दाखवला. ते झटकन मागे सरले.
"घरी कुणाला हात लावलास का?" एवढंच विचारलं त्यांनी.

११ मार्च
छकुलीच्या गालावर ओशट डाग. रोज तिथेच कुरवाळते मी. पुसला तर पसरला. ताई म्हणते, घामोळं असेल. तिला सांगायला हवं — कसं सांगू — आज छकुलीला जवळही घेतलं नाही —

१२ मार्च
कामावर गेले नाही. ताई बाजारात. छकुलीचा डाग पाठीपर्यंत. मऊ —
डाव्या हातानं लिहितेय. उचलायला म्हणून उजवा तिच्या पाठीखाली घातला, तो निघेना. ओढलं की तार धरते. कातडी माझी की तिची — शी, तो वास —
पोर रडत नाही. हसतेय.
दारात किल्ली. ताई आली. घशातून आवाज फुटेना. ही वही पुढे धरते, ताई, आधी हे वाच, छकुलीला हात लावू न