सोडतीत निघालेलं नाव

प्रिय छोट्या,

चर्चची सगळी मंडळी तुला पाळकसाहेब म्हणते, चारचौघांत मीही म्हणते. हे पत्र मात्र छोट्याला आहे. पाळकसाहेबांवर मला ओरडता येत नाही. छोट्याचा कान मी अजून धरू शकते.

परवा तू पंचमंडळातल्या दोघांना घेऊन बाबांच्या दुकानात गेलास. घरी यायचं होतंस. दुकानात बेकरीवाला पँटची उंची कमी करून घ्यायला उभा होता, त्याच्या देखत तू बाबांना सांगितलंस की रविवारपासून दानाचं ताट दुसरं कुणीतरी फिरवेल. वर हेही सांगितलंस की त्यांनी उपासनेत उभं राहून आपण पुन्हा जुगाराला लागल्याची कबुली द्यावी, मंडळीची क्षमा मागावी, तरुणांना त्यातून धडा मिळेल. बाबा ‘बरं’ म्हणाले. एवढंच. तुम्ही गेल्यावर त्यांनी बेकरीवाल्याचा एकच पाय तीनदा मोजला, हे मला बेकरीवाल्याने सांगितलं. तो बिचारा पँट तशीच घालून घरी गेला.

ताटातली एक नोट तरी कधी कमी भरली का रे? सहा वर्षांत? नाही ना? मग ‘खबरदारी म्हणून’ हा शब्द तुला सुचला कुठून? स्वतःच्या बापासाठी?

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू शिकायला बाहेर होतास आणि मी पत्रांतून अर्धंच लिहीत होते. टायरवाल्याच्या मागच्या खोलीत पत्ते चालायचे. बाबा शनिवारी दुपारी जायचे ते रिकामे होऊन यायचे. शिलाई मशीन गेलं तेव्हा मी तुला लिहिलं की दुरुस्तीला दिलंय. गिऱ्हाइकांची कापडं गेली तेव्हा मी दारोदार जाऊन सांगितलं की उंदरांनी कुरतडली. इतके उंदीर होते म्हणे आपल्या दुकानात! लोकांना कळायचं, पण माझ्या तोंडाकडे बघून ते गप्प बसायचे.

त्या वेळचे म्हातारे पाळकसाहेब तुला आठवतात? त्यांचा उपदेश ऐकताना अर्धी मंडळी पेंगायची. पण ते दर शनिवारी दुपारी, बरोबर पत्त्यांच्या वेळेला, दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. शिवणातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून जुन्या कपड्यांच्या शिवणी उसवत बसायचे. पाप, नरक, काही बोलायचे नाहीत. पुढच्या गल्लीतल्या गाढवाबद्दल बोलायचे. दोन वर्षं, एकही शनिवार न चुकवता. मग एका रविवारी त्यांनी दानाचं ताट सरळ बाबांच्या हातात दिलं. पंचमंडळ कुरकुरलं, तर म्हणाले, या माणसाला पैशांची भीती वाटते, मला असाच माणूस हवा होता.

त्यांच्यानंतर तू आलास. आमची छाती फुगली. तुझा पांढरा झगा बाबांनी तीनदा उसवून पुन्हा शिवला, खांद्याला एक चुणी येत होती म्हणून. आणि त्याच झग्यात उभा राहून तू सोडत जाहीर केलीस. छप्पर गळतंय, कूपनं घ्या, पहिलं बक्षीस फ्रिज.

मी त्याच दिवशी स्वयंपाकघरात तुला म्हटलं होतं, हे आपल्या चर्चमध्ये नको. तू हसलास. आई, हे दान आहे, जुगार नव्हे, म्हणालास. पुढच्या रविवारी उपदेशच केलास त्यावर. जुगार खेळू नका असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही, शिष्यांनीसुद्धा बारावा माणूस चिठ्ठ्या टाकून निवडला, पाप लोभात असतं, चिठ्ठीत नसतं. मंडळी माना डोलवत होती. मी रुग्णालयाच्या चादरी धुणारी बाई, तुझ्यासारखं शिकलेली नाही. पण चिठ्ठ्या आणखी कुणी टाकल्या ते मलाही ठाऊक आहे. क्रूसाखाली बसलेल्या शिपायांनी टाकल्या, वर टांगलेल्या माणसाच्या कपड्यांसाठी. त्यांनाही वाटलं असेल, यात कुणाचं काय जातंय.

बाबांनी कूपन घेतलं नाही. तू कूपनांचं पुस्तक पुढे केलंस तेव्हा त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, विस्तवापासून घ्यावेत तसे. तेव्हाही तू हसलास. छपराला द्यायचे पैसे त्यांनी पाकिटात घालून वेगळे दिले. तेवढ्यावरून तरी तुला कळायला हवं होतं.

आणि सोडतीच्या दिवशी, उपासना संपल्यावर, त्या लहान मुलीने डब्यातून चिठ्ठी काढली आणि तू बाबांचं नाव वाचलंस. सगळा हॉल टाळ्या वाजवत उठला. तू त्यांना मिठी मारलीस. मी त्यांच्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

फ्रिज आला तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून बाहेरच्या खोलीत उभा राहिला. शेजारीण म्हणाली, आता तुम्हीच त्याच्या आत राहायला जा. आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. दोन-तीन दिवस त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मग एकदा मला म्हणाले, “मी कूपन घेतलंच नव्हतं. तरी माझं नाव निघालं. देवाने मला माफ केलंय, त्याचीच ही खूण आहे.”

छोट्या, मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी कणीक मळत राहिले.

पुढचं तुला कळलंच. टायरवाल्याकडून ते पुन्हा उशिरा घरी येऊ लागले. आता त्यांना भीती वाटत नव्हती, हेच वाईट. पूर्वी हरून यायचे तेव्हा मान खाली असायची. आता हरले तरी म्हणायचे, तो देईल, त्याने एकदा दिलंय. फ्रिज गेला. कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन गेलं. हे पाप आहे का, हा वाद तू घाल तुझ्या पुस्तकांशी. मी एवढंच पाहिलं की सहा वर्षं जो माणूस देवाकडे काही न मागता त्याचे आभार मानत होता, तो आता पत्ते पिसताना त्याचं नाव घेत होता. आणि हे तुझ्या व्यासपीठासमोर सुरू झालं, टाळ्यांच्या गजरात. कबुली द्यायची बाबांनी, धडा घ्यायचा तरुणांनी, आणि तू मात्र नव्या छपराखाली कोरडा उभा राहणार?

आता माझं सांगते. ते कूपन मी घेतलं होतं. शेवटच्या आठवड्यात तू घरी आलास तेव्हा हातात तीन पुस्तकं तशीच उरली होती आणि तुझा चेहरा उतरला होता. मला दया आली. तू हात धुवायला गेलास तेवढ्यात मी पुस्तकातलं एक कूपन भरलं, पैसे तुझ्या पिशवीत टाकले. माझं नाव लिहायला हवं होतं. पण घरातली प्रत्येक पावती मी त्यांच्या नावानेच लिहीत आलेय, हाताला तीच सवय. टाळ्या वाजल्या तेव्हा लाज वाटली म्हणून बोलले नाही. नंतर भीती वाटली म्हणून बोलले नाही.

तुम्ही दुकानात येऊन गेलात त्या संध्याकाळी मी बाबांना हे सांगितलं. मला वाटलं, कात्री फेकून मारतील. त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, “म्हणजे ते तू होतीस.” आणि कापायच्या टेबलावर डोकं टेकून रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. शांत झाल्यावर म्हणाले, काही दिवस मला एकटं सोडून कामावर जाऊ नकोस. मी रजा टाकली आहे. आज दिवसभर ते दुकानातून उठलेले नाहीत. उद्याचं मला माहीत नाही.

म्हणून हे पत्र. रविवारी बाबा उभे राहणार नाहीत, मी उभी राहणार आहे. कूपन कुणी घेतलं, नाव कुणी लिहिलं आणि पुस्तक कुणी विकायला आणलं, तिन्ही मी सांगणार. तेव्हा तुला व्यासपीठावरून उतरून माझ्या शेजारी यावंसं वाटलं तर ये, नाही आलास तरी माझं बोलणं थांबणार नाही. हे तुला आधी कळवते आहे, कारण तू बाबांना जसं परक्या माणसासमोर गाठलंस, तसं तुला मंडळीसमोर गाठणं माझ्याच्याने होणार नाही.

रागावलेली, तरीही तुझीच,
आई