वैशालीच्या छातीतली सूज
मंठा, मंगळवार, संध्याकाळ

बुद्धवंदनेला बसलो, पण राग काही जात नाही.

माझ्या लेकीची, वैशालीची केमो संपून चार महिने झाले. शनिवारी स्कॅनचा रिपोर्ट आला, इंग्रजीत. मेहुणा प्रकाश मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, म्हणून त्याला दाखवला. त्यानं पोरीच्या तोंडावरच सांगितलं, "दाजी, छातीत सूज हाये. बिमारी वापस आली." रविवारी सगळे पाहुणे सफरचंदं घेऊन हजर. जिवंत पोरीला शेवटचं भेटायला! सफरचंदं घेऊन! तीन दिवस ती जेवली नाही.

आज डॉक्टर म्हणाले, "ही थायमस ग्रंथी आहे. केमोनं आकसते, तरुणांत नंतर पुन्हा वाढते. हा आजार वाटत नाही. तीन महिन्यांनी परत बघू."

प्रकाशला फोन केला, तर हसतोय. "मंग चांगलंच झालं की, दाजी!" खूप ओरडलो त्याच्यावर.

दवाखान्यातून येताना वैशालीनं विचारलं, "पप्पा, शनिवारीच डॉक्टरला फोन का न्हाई केला?"

नंबर होता माझ्याकडे. ते काय सांगतील याचीच भीती वाटत होती. तिला म्हणालो, फोन लागला नाही.