चाळीस फळ्या

ब्रह्मा घाट, काशी
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८५४

तीर्थस्वरूप दादास ढुंढिराजचा साष्टांग नमस्कार.

तुझे रंगूनचे पत्र परवा मिळाले. आम्ही सारे ठीक. लीलेचा खोकला कमी आहे. थंडी पडली, गंगा पार खाली उतरली, उन्हाला बसायला घाटावर गर्दी असते. अण्णांचे दिवस नीट पार पडले. थोरला तू, पण बोट वेळेवर मिळणे शक्य नव्हते, म्हणून बापाला पाणी धाकट्याने दिले. गुरुजींनी काही उणे ठेवले नाही.

मंडळासाठी मी बांधलेल्या सभागृहाविषयी विचारलेस. इंदूर-नागपूरकडचे लोक मुद्दाम पाहायला येतात. रंगमंच रुळांवर आहे, चार माणसे तो ढकलून मागे सारतात, की नाटकाच्या जागी कीर्तनाची बैठक. आणि दोन्ही भिंतींना मिळून चाळीस फळ्या, दारासारख्या फिरणाऱ्या. एका अंगाला गुळगुळीत साग, दुसऱ्या अंगाला गादी. गाणे असले की साग पुढे, आवाज भरून येतो. वेदपाठाला गादी पुढे, म्हणजे शब्द घुमत नाही, सुटा ऐकू येतो. कल्पना माझी. तिचा मला किती गर्व होता, हे तुला सांगायला नको.

तू विचारतोस, अण्णांच्या तोंडी शेवटी वेद का नव्हता. त्यांच्या पट्टशिष्याने, दत्तात्रेयाने, तुला काय लिहिले कोण जाणे. मी तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा लीलेच्या खोकल्यापाशीच थांबलो.

तर ऐक. ध्वनीवरच्या विलायती पुस्तकात गादीसाठी लोकर दाबून केलेला नमदा सांगितला होता. मी म्हटले, आपल्या रजईवाल्यांचा कापूस काय वाईट? अण्णा रोज सोवळ्याची लोकरी धाबळी नेसून जेवायला बसत. लोकरीला विटाळ नाही, हे आपल्या घरात पोराटोरांना ठाऊक. मला मात्र आठवले नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मंडळातली वृद्ध माणसे आली. दुसऱ्या सकाळी तिथे अण्णांचा घनपाठ व्हायचा होता. कारागिरांनी शिवलेल्या सुती गाद्या धुतल्याशिवाय वेदाला चालणार नाहीत, म्हणाली. चाळीसही गाद्या काढून धुतल्या आणि घाटावर वाळत टाकल्या. भाद्रपद, उन्हाचा पत्ता नाही. सकाळी मिस्त्रीने एक दाबून पाहिली आणि म्हणाला, "भइया, ई त दू दिन में भी ना सूखी."

भिंती उघड्या राहिल्या. काय होणार ते मला माहीत होते. रिकाम्या सभागृहात मी एक टाळी वाजवली, ती कितीतरी वेळ विझेना.

घनपाठात पदे पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे. अण्णा पुढचे पद म्हणत होते आणि भिंत मागचे त्यांच्या कानात घालत होती. साठ वर्षांत न अडलेला माणूस अडला. पुन्हा आरंभ केला, पुन्हा अडला. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. समोर कलेक्टर साहेब, सारे मंडळ. सगळ्यांना वाटले, वय झाले. मी खांबाशी उभा होतो. एवढेच म्हणायचे होते, दोष वास्तूचा आहे, गाद्या वाळेपर्यंत थांबा. म्हटले नाही. संध्याकाळी नाटकात त्याच भिंतींनी गाणे सुरेख झेलले. साहेबांनी हात पुढे केला आणि मी तो घेतला.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "ढुंढी, माझे गेले रे सगळे." पाठशाळा सोडली. पोथी उघडून, ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. लहानपणी पाठ म्हणताना आपण पोथीकडे नुसते पाहिले तरी रागवत, तेच अण्णा. वाचतानाही दत्तात्रेयाला विचारत, बरोबर आहे ना? बरोबरच असे. त्यांना खरे वाटत नसे. दिवाळीनंतर पोथीही मिटली. हे सारे मी रोज पाहत होतो, दादा, आणि रोज उद्यावर ढकलत होतो.

शेवटच्या दुपारी शिष्य उशाशी बसून म्हणू लागले, तर अण्णांनी हाताने थांबवले. "माझ्यापुढे नको. मला आता चूक-बरोबर कळत नाही." सारे बाहेर गेले. मी एकटा राहिलो. त्यांच्या कानाशी वाकलो, सगळे सांगायलाच वाकलो. तोंडातून निघाले ते, "अण्णा, पाणी देऊ?"

त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

फळ्यांना आता लोकरीच्या गाद्या बसवल्या आहेत. काल दत्तात्रेयाने तिथे घनपाठ केला. एकही पद दुसऱ्यावर चढले नाही. लोक येऊन मला शाबासकी देत होते.

क्षमा तुझ्याकडे मागत नाही. ती ज्यांनी द्यायची होती ते गेले, आणि तू दिलीस तरी मला ती घेता यायची नाही. रोज सकाळी गंगेत उभा राहून अण्णांना ओंजळीने पाणी देतो. त्यांनी नको म्हटलेलेच.

वेळेवर तोंड न उघडलेला तुझा धाकटा,
ढुंढिराज