इंग्रजीतून केलेली दिलजमाई

आक्रा, १४ ऑगस्ट

प्रिय बिरागोताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इथे सगळं ठीक. नळाला दोन दिवसांआड पाणी येतं आणि ऑफिसातले नवे साहेब रोज येतात. ताप दोघांचाही सारखाच.

माझं मागचं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते मिळालं. दहापैकी चार. खाली शेरा, 'व्याकरण बरे. माफी कुठे आहे?' तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला इंग्रजीत पत्र पाठवण्याची दुर्बुद्धी मलाच सुचायची.

त्याचं असं झालं, ऑफिसात तीन दिवसांचं शिबिर होतं. भांडणं गोडीगुलाबीने मिटवायची इंग्रजी वाक्यं शिकवत होते. जेवण फुकट, म्हणून मी पुढच्याच रांगेत बसले. वाक्यं इतकी गुळगुळीत की दोष कुणालाच चिकटत नाही. 'लेट अस अ‍ॅग्री टू डिसअ‍ॅग्री' तर मला एवढं आवडलं की लगेच तुला फोन लावला. तू म्हणालीस, "आठ महिने माझं तुझ्याशी पटत नाहीच आहे. त्याला आता तुझी परवानगी कशाला?" आणि फोन ठेवलास.

मग पत्रात मी 'गैरसमज झाले' असं लिहिलं. त्याखाली तू विचारलंस, 'कोणी केले?'

गैरसमज नव्हताच, ताई. आईच्या अंत्यविधीला घरच्या सगळ्यांनी एकसारखं कोणतं कापड नेसायचं ते मी ठरवलं, साठ जणांना कळवलं आणि तुला कळवलं नाही. राहून गेलं म्हणाले, ते खोटं. जन्मभर आई प्रत्येक गोष्टीत 'बिरागोला विचार' म्हणायची. एक दिवस तरी लोकांनी मला विचारावं असं वाटलं. तू एकटीच वेगळ्या कापडात आलीस. "ही पाहुणी कुठली?" असं मावशीने विचारलं, तेव्हा मी हसले. त्याची मला फार लाज वाटते.

रविवारी आसामोआमामांना घेऊन मामपाँगला तुझ्या घरी येतेय. आपल्यात चुकलेल्याच्या वतीने वडीलधारं माणूस शब्द टाकतं. ते सोडून मी शिबिरातली वाक्यं पुढे केली. मामा म्हणाले, "मी बोलेन. पण काय केलंस ते आधी तूच तिला कळव. मी खोट्याची वकिली करत नाही." म्हणून हे पत्र.

माफी मागायला येणाऱ्याने काढाव्यात तशा चपला अंगणातच काढेन. मामांना निदान आत घे, त्यांना ऊन सोसत नाही. माझं काय ते तू ठरव. आई गेली, तू धड बोलत नाहीस. मला रागावणारं आता कुणी उरलेलं नाही.

मी चुकले.

तुझी धाकटी बहीण,
फ्रेमा